कताइबचा जन्म १९७५चा नव्हे, १९३६चा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लेबनॉनच्या यादवी युद्धाला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. युद्धातील हानीचे वर्णन लेखकाने संयमाने केले आहे आणि कोणत्याही एका धर्मसमूहाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. मात्र पॅलेस्टिनी सशस्त्र गटांच्या वाढत्या बळाला उत्तर म्हणून मॅरोनाइट (लेबनॉनमधील सर्वांत मोठा ख्रिश्चन पंथ) ख्रिश्चनांनी १९७५ मध्ये कताइब ही सशस्त्र संघटना उभारली, अशा आशयाचे एक विधान त्या लेखात आहे आणि पुढचा सारा युक्तिवाद त्यावरच रचलेला आहे. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. चूक केवळ सनावळीची असती तर हे पत्र लिहिले नसते. परंतु या एका तारखेमुळे युद्धाच्या कारणांचा क्रमच उलटा होतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कताइबची स्थापना नोव्हेंबर १९३६ मध्ये बैरूतमध्ये झाली. (बातम्यांत तिचा उल्लेख कधी कताइब तर कधी फालांज असा येतो, संघटना एकच.) त्या वेळी लेबनॉन फ्रान्सच्या अमलाखाली होता, इस्रायलचा जन्म व्हायला अजून बारा वर्षे होती आणि लेबनॉनच्या भूमीवर पॅलेस्टिनी निर्वासितांची एकही छावणी नव्हती. संस्थापक पाच होते. त्यांचे पुढारी पिएर जमायल हे पेशाने औषधविक्रेते आणि आवडीने फुटबॉलपटू. देशाच्या फुटबॉल संघटनेची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि त्याच नात्याने १९३६च्या उन्हाळ्यात ते बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले होते. तिथल्या तरुणांची शिस्त पाहून आपल्या देशातही असे काही करावे असे वाटले, हे त्यांनी पुढे उतारवयात स्वतःच सांगितले आहे. चेकोस्लोव्हाकियातील सोकोल ही व्यायामचळवळही त्यांच्या नजरेसमोर होती. एकसारखा गणवेश, हात उंचावून केलेला सलाम, रांगांची कवायत आणि ‘ईश्वर, मातृभूमी, कुटुंब’ हे ब्रीद, असा तो प्रारंभ होता.

एवढ्यावरून कताइब ही नाझी पक्षाची नक्कल होती असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तोही मला अपुरा वाटतो. १९३०च्या दशकात गणवेशधारी तरुणांची लाट साऱ्या अरब जगात आली होती. इजिप्तमध्ये हिरवे सदरे आणि निळे सदरे एकमेकांसमोर उभे होते, सीरियात राष्ट्रवाद्यांनी पोलादी सदरे काढले होते आणि खुद्द लेबनॉनमध्ये अंतून सआदे यांचा सीरियन सोशल नॅशनलिस्ट पक्ष १९३२ मध्ये गुप्तपणे स्थापन झाला होता. लेबनॉन हे स्वतंत्र राष्ट्र नसून बृहत् सीरियाचा एक भाग आहे, अशी सआदे यांची शिकवण होती. १९३६च्या मार्चमध्ये किनारपट्टीवरील सुन्नी पुढाऱ्यांनी परिषद भरवून सीरियात सामील होण्याची मागणी केली आणि नोव्हेंबरमध्ये फ्रान्स-लेबनॉन कराराच्या वेळी बैरूतमध्ये ख्रिश्चन आणि मुस्लिम जमावांत दंगल उसळली. कताइब त्याच महिन्यात जन्मली. तिने बाह्य रूप बर्लिनहून आणले असेल. तिच्या जन्मामागचे भय मात्र अस्सल लेबनीज होते आणि ते १९३६ पेक्षा कितीतरी जुने होते.

त्या भयाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १८६०च्या कत्तलीत लेबनॉनच्या डोंगराळ भागात आणि दमास्कसमध्ये हजारो ख्रिश्चन मारले गेले. पहिल्या महायुद्धात नाकेबंदी, टोळधाड आणि ऑटोमन लष्कराची धान्यजप्ती यांमुळे त्याच डोंगराळ भागात भीषण दुष्काळ पडला आणि साधारण एकतृतीयांश लोकसंख्या उपासमारीने व रोगराईने गेली. १ सप्टेंबर १९२० रोजी फ्रेंच जनरल गूरो यांनी बृहत् लेबनॉनची घोषणा केली, तेव्हा डोंगराळ प्रदेशाला त्रिपोली, सैदा, सूर ही किनाऱ्यावरची शहरे आणि बेका खोरे जोडण्यात आले. धान्य आणि बंदरे मिळाली, परंतु त्यांबरोबर मोठी मुस्लिम लोकसंख्याही आली आणि तिच्यातील अनेकांना हे नवे राष्ट्र मान्य नव्हते. १९३२च्या जनगणनेत ख्रिश्चन निम्म्याहून किंचित अधिक भरले. त्यानंतर लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेली नाही, कारण नवा आकडा कोणालाच परवडणारा नव्हता. संसदेतील ख्रिश्चन आणि मुस्लिम सदस्यांचे सहास पाच हे प्रमाण आणि मॅरोनाइट राष्ट्राध्यक्ष, सुन्नी पंतप्रधान, शिया सभापती ही १९४३च्या राष्ट्रीय करारातील वाटणी या एकाच जनगणनेच्या आधारावर उभी राहिली.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते, कारण लेखात ती पूर्णपणे राहून गेली आहे. १९४३च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेंचांनी राष्ट्राध्यक्ष बिशारा अल-खूरी आणि पंतप्रधान रियाद अल-सुल्ह यांना अटक करून राशयाच्या किल्ल्यात डांबले, तेव्हा कताइब आणि सुन्नी तरुणांची नज्जादा या दोन संघटना एकत्र रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी संप व निदर्शने घडवून आणली. फ्रेंच सत्तेशी कताइबचा संघर्ष तर त्याहून जुना होता. १९३७च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने अशा संघटनांवर बंदी घातली, तेव्हा वर्धापनदिनाच्या निदर्शनात जमायल स्वतः जखमी झाले आणि पकडले गेले. म्हणजेच फ्रान्सचे हस्तक म्हणून कताइबची जी ओळख नंतर रूढ झाली, ती तिच्या पहिल्या सात वर्षांना लागू पडत नाही. ज्या तरुणांनी पुढे बैरूतच्या गल्ल्यांत एकमेकांवर गोळ्या झाडल्या, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्याच शहरात एका मागणीसाठी खांद्याला खांदा लावला होता.

या ऐक्याचा पाया किती कच्चा होता, हे कताइबच्याच एका संस्थापकाने सर्वांत नेमकेपणाने सांगितले. जॉर्ज नक्काश हे फ्रेंच भाषेत लिहिणारे पत्रकार होते आणि संस्थापकांपैकी असले तरी लवकरच संघटनेपासून दूर झाले होते. ख्रिश्चनांनी फ्रान्सला नाही म्हणावे आणि मुस्लिमांनी सीरियाला नाही म्हणावे, एवढ्यावर १९४३चा करार झाला होता. दोन नकारांतून राष्ट्र उभे राहत नाही, असे नक्काश यांनी १९४९ मध्ये लिहिले आणि त्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. त्याच वर्षी बैरूतच्या जम्मेझे भागात कताइब आणि सआदे यांच्या पक्षाचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले, सआदे यांना जुलैत घाईघाईने मृत्युदंड देण्यात आला आणि सरकारने सर्वच निमलष्करी स्वरूपाच्या संघटना बरखास्त केल्या. कताइबने त्यावर राजकीय पक्षाचे रूप घेतले. शाखा तशाच राहिल्या, सदस्यांची वर्गणी चालू राहिली आणि कवायतीची सवयही मोडली नाही.

माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील निर्णायक वर्ष १९५८ आहे, १९७५ नव्हे. त्या वर्षी इजिप्त आणि सीरिया यांचे एकीकरण होऊन संयुक्त अरब प्रजासत्ताक स्थापन झाले आणि इजिप्तचे नेते नासर यांच्या नावाने त्रिपोलीपासून सैदापर्यंतची मुस्लिम वस्ती भारावून गेली. राष्ट्राध्यक्ष कामिल शमून हे अमेरिकेच्या बाजूने झुकलेले होते आणि घटना बदलून आपला कार्यकाळ वाढवू पाहतात, असा त्यांच्यावर आरोप होता. मे महिन्यात बंड पेटले. लष्करप्रमुख फुआद शहाब यांनी सैन्याला या संघर्षात पूर्णपणे उतरवण्यास नकार दिला, कारण उतरवले तर ते धर्मांच्या रेषांवर फुटेल अशी त्यांना धास्ती होती. शहाब यांचा निर्णय त्या क्षणी शहाणपणाचा होता, असे मला आजही वाटते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की शमून यांच्या बाजूने लढण्याचे काम पक्षांच्या तरुणांकडे गेले आणि त्यांत कताइब पुढे होती.

जुलैत इराकमध्ये राजसत्ता उलथली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे नौसैनिक बैरूतच्या किनाऱ्यावर उतरले. किनाऱ्यावर पोहायला आलेल्यांच्या आणि थंड पेये विकणाऱ्यांच्या गर्दीतून सशस्त्र सैनिक वाट काढत गेले, असे त्या दिवसाचे वर्णन प्रत्यक्षदर्शींनी केले आहे. त्यानंतर शहाब राष्ट्राध्यक्ष झाले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी रशीद करामी यांना पंतप्रधान केले. करामी हे त्रिपोलीतील बंडाचे पुढारी, त्यामुळे ख्रिश्चनांना हा सरळसरळ पराभव वाटला. त्यातच कताइबच्या वृत्तपत्रात लिहिणारे फुआद हद्दाद यांचे अपहरण झाले. मग कताइबने संप पुकारला, रस्त्यांवर अडथळे उभारले आणि राजधानीचे व्यवहार ठप्प केले. याला ‘प्रतिक्रांती’ म्हटले गेले. ऑक्टोबरच्या मध्याला सरकार बदलले. नव्या मंत्रिमंडळात चारच माणसे होती, दोन मुस्लिम आणि दोन ख्रिश्चन, आणि त्या दोन ख्रिश्चनांपैकी एक होते पिएर जमायल. संसदेत ते प्रथम निवडून आले १९६० मध्ये. मतपेटीच्या आधी रस्त्याने त्यांना मंत्रिपद दिले होते.

‘ना कोणी विजेता, ना कोणी पराभूत’ ही त्या तडजोडीची घोषणा सर्वत्र वाखाणली गेली. रक्तपात थांबला, हे मोठेच काम झाले. परंतु राज्यसंस्थेने त्या शरद ऋतूत काय मान्य केले, याकडे लेखकांनी लक्ष द्यावे असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. राजधानी अडवून धरणाऱ्या एका पक्षाच्या दलाला सत्तेत वाटा मिळाला, बंड करणाऱ्या बाजूच्या पुढाऱ्याला पंतप्रधानपद मिळाले आणि शस्त्रे कोणाची पूर्णपणे परत घेतली गेली नाहीत. १९५८ नंतर कताइबची सदस्यसंख्या झपाट्याने वाढली. पूर्व बैरूतच्या वस्त्यांत खेड्यांतून नव्याने आलेली मॅरोनाइट कुटुंबे मोठ्या संख्येने होती, त्यांना आपल्या गावच्या जमीनदार पुढाऱ्यापेक्षा पक्षाची शाखा अधिक जवळची वाटू लागली.

त्यानंतरचा मार्ग सरळ युद्धाकडे गेला असे मात्र मी म्हणणार नाही. शहाब यांच्या कारकिर्दीत जमायल यांनी मंत्री म्हणून काम केले आणि कताइबने मजबूत राज्यसंस्थेच्या कार्यक्रमाला साथ दिली. मध्यवर्ती बँक, नोकरभरतीचे नियम, सामाजिक विमा, मागास भागांतील रस्ते अशी कामे त्या वर्षांत उभी राहिली. एखाद्या संघटनेच्या जन्मातच तिचा शेवट लिहिलेला असतो, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. १९६० ते १९६७ या काळात कताइब खऱ्या अर्थाने संसदीय पक्ष होण्याच्या वाटेवर होती आणि ती वाट बंद होण्याची कारणे तिच्या आतही होती व बाहेरही.

बाहेरची कारणे आपल्या लेखात आली आहेत, म्हणून ती थोडक्यात नोंदवतो. १९६७च्या युद्धानंतर पॅलेस्टिनी सशस्त्र गटांनी दक्षिण लेबनॉनमध्ये तळ उभारले. डिसेंबर १९६८ मध्ये इस्रायली कमांडोंनी बैरूत विमानतळावर उभी असलेली प्रवासी विमाने उडवून दिली. नोव्हेंबर १९६९च्या कैरो कराराने या गटांना लेबनॉनच्या भूमीवरून लढण्याची मुभा मिळाली. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते शार्ल हेलू, म्हणजे १९३६च्या पाच संस्थापकांपैकीच एक, आणि संसदेत या कराराला ठाम विरोध केला तो कताइबबाहेरचे मॅरोनाइट पुढारी रेमों एडे यांनी. कताइबने नाइलाजाने का होईना तो पत्करला. १९७०-७१ मध्ये जॉर्डनमधून हुसकावले गेलेले गट लेबनॉनला आले. मे १९७३ मध्ये लेबनीज लष्कर आणि पॅलेस्टिनी गट यांच्यात लढाई झाली, ती निकालाविना थांबली आणि त्यानंतर ख्रिश्चन पक्षांची शस्त्रखरेदी व डोंगरातील प्रशिक्षण शिबिरे वेगाने वाढली. लष्कर आपले रक्षण करणार नाही, या निष्कर्षाला ते पोहोचले होते. दक्षिणेतील शिया शेतकऱ्यांनाही राज्यसंस्थेविषयी हाच अनुभव येत होता, आणि छावण्यांतील निर्वासितांना तर राज्यसंस्थेचा अनुभव १९६९ पर्यंत प्रामुख्याने पोलीस आणि हेरखाते यांच्या रूपानेच आला होता, हे विसरून चालणार नाही.

१३ एप्रिल १९७५चा रविवार या पार्श्वभूमीवर पाहावा. बैरूतच्या ऐन अल-रुम्माने या उपनगरात एका नव्या चर्चचा विधी होता आणि जमायल तिथे उपस्थित होते. चर्चबाहेर मोटारीतून आलेल्या बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला, त्यात चार जण मारले गेले. काही तासांनी त्याच वस्तीच्या रस्त्यावरून एक बस जात होती. तिच्यातले पॅलेस्टिनी प्रवासी एका मेळाव्याहून तल अल-झातर छावणीकडे परतत होते. कताइबच्या बंदूकधाऱ्यांनी ती अडवून गोळ्यांचा वर्षाव केला आणि बहुतेक नोंदींनुसार २७ जण ठार झाले. चर्चमधील हत्या आणि बसमधील हत्या यांच्या दरम्यान काही तासांचाच अवधी होता. एवढ्या वेळात रस्ता अडवणारी, शस्त्रे बाळगणारी आणि कोणाच्याही आदेशाची वाट न पाहणारी माणसे त्या वस्तीत तयार होती, ती त्या सकाळी निर्माण झालेली नव्हती. आपल्या लेखातील विधान मला अमान्य आहे ते नेमके या ठिकाणी.

कताइबचा उगम १९७५ मध्ये मानला की तिच्या कृत्यांकडे केवळ प्रत्युत्तर म्हणून पाहिले जाते. ६ डिसेंबर १९७५ रोजी बैरूतच्या नाक्यांवर ओळखपत्रावरचा धर्म पाहून मुस्लिमांना ठार मारण्यात आले, कारण त्या सकाळी कताइबचे चार तरुण मृतावस्थेत सापडले होते. जानेवारी १९७६ मध्ये बैरूतमधील करांतिना ही मुस्लिमबहुल झोपडपट्टी ख्रिश्चन दलांनी उद्ध्वस्त केली. त्यानंतर काही दिवसांतच दामूर या ख्रिश्चन गावात पॅलेस्टिनी आणि त्यांच्या मित्रगटांनी कत्तल केली. ऑगस्टमध्ये तल अल-झातरची छावणी वेढ्यानंतर ख्रिश्चन दलांच्या हाती पडली. या प्रत्येक घटनेच्या आधी कोणती घटना घडली, हे सांगता येते आणि दोन्ही बाजूंचे समर्थक पन्नास वर्षे तेच सांगत आले आहेत. उगमाचा शोध घ्यायचा तर घटनांची ही साखळी सोडून त्या साखळीला वापरणारे दल कुठून आले, हे विचारावे लागते.

शेवटचा मुद्दा कताइबच्या स्वतःच्या घडणीचा. तल अल-झातरच्या वेढ्यात जुलै १९७६ मध्ये तिच्या लष्करी दलाचे प्रमुख विल्यम हावी मारले गेले आणि पिएर यांचे धाकटे पुत्र बशीर जमायल त्या जागी आले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आतच होते. त्याच उन्हाळ्यात कताइब, शमून यांचे ‘वाघ’, सीडररक्षक आणि तंझीम या चार ख्रिश्चन सशस्त्र गटांची संयुक्त कमान लेबनीज फोर्सेस या नावाने स्थापन झाली. इथून दलाने पक्षाला मागे टाकले. जून १९७८ मध्ये इहदेन येथे या दलाने माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र टोनी फ्रांजिये यांना पत्नी आणि लहान मुलीसह ठार केले. फ्रांजिये मॅरोनाइटच होते. जुलै १९८० मध्ये सफ्रा येथे शमून यांच्या ‘वाघां’चा निःपात झाला, तेही मॅरोनाइट आणि कालपर्यंतचे सहकारी. ख्रिश्चनांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या दलाने ख्रिश्चन प्रतिस्पर्धी संपवून, बंदरावर आणि रस्त्यांवर स्वतःचे कर बसवून आपल्या ताब्यातील प्रदेशात राज्यसंस्थेची जागा घेतली. बशीर २३ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि १४ सप्टेंबरला स्फोटात मारले गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी बैरूतमधील सब्रा आणि शतिला या पॅलेस्टिनी वस्त्यांत जी कत्तल सुरू झाली, ती इस्रायली सैन्याच्या वेढ्यात आणि कताइबच्या दलाच्या हातून घडली.

या युद्धात सुमारे दीड लाख माणसे गेली आणि हजारो जण बेपत्ता झाले. ऑगस्ट १९९१च्या माफी कायद्याने बहुतेक गुन्ह्यांवर पडदा टाकला. बेपत्ता व्यक्तींचा शोध घेण्याचा कायदा व्हायला २०१८ उजाडले. लेबनॉनच्या शाळांतील इतिहासाचा अभ्यासक्रम स्वातंत्र्याच्या काळापाशीच थांबतो, कारण पुढच्या इतिहासावर धर्मसमूहांचे एकमत झालेले नाही. ज्या देशातील मुलांना १९५८ किंवा १९७५ शाळेत शिकवले जात नाही, त्या देशाविषयी दूरवरच्या वृत्तपत्रात छापले जाणारे प्रत्येक वाक्य अधिक काळजीने तपासले जावे, असे मला मनापासून वाटते. म्हणून आपणास विनंती आहे की, कताइबच्या स्थापनेचे वर्ष १९३६ असल्याची दुरुस्ती आपण पुढील रविवारच्या अंकात छापावी आणि शक्य झाल्यास त्याच लेखकांकडून १९५८च्या संघर्षावर स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा. त्यांची शैली आणि संयम पाहता ते काम त्यांच्याच हातून चांगले होईल.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त अध्यापक